विश्लेषण : तीन मित्र, सहा ध्वनिमुद्रणे आणि एक नकार… चेलोवादक पाब्लो कॅसाल्स यांनी वाजवणे का थांबवले?

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्यांमध्ये पियानो ट्रायोच्या ध्वनिमुद्रणांचा विषय निघाला, की कोर्तो, तिबो आणि कॅसाल्स ही तीन नावे हमखास येतात. १९२६ ते १९२८ या काळात लंडनमध्ये या तिघांनी केलेली सहा ध्वनिमुद्रणे जवळपास शंभर वर्षांनंतरही उपलब्ध आहेत आणि नव्या वादकांची तुलना आजही त्यांच्याशी होते. पण या ध्वनिमुद्रणांनंतर अवघ्या काही वर्षांत हा संच फुटला. दुसऱ्या महायुद्धात पियानोवादक कोर्तो नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या सरकारात सामील झाले, तर चेलोवादक कॅसाल्स निर्वासित म्हणून एका लहानशा गावात राहिले. युद्ध संपल्यावर जग पुन्हा मैफली ऐकू लागले, तेव्हा कॅसाल्स यांनी चेलो मैफलींतून बाजूला ठेवला. हे का घडले, आणि तुटलेले संबंध पुढे कुठवर जुळले, हे समजून घेऊया.

पियानो ट्रायो म्हणजे नेमके काय?

पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांसाठी लिहिलेली रचना म्हणजे पियानो ट्रायो. ती वाजवणाऱ्या संचालाही ट्रायोच म्हणतात. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातील मोठे वाद्य. वादक बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो. त्याचा आवाज खर्जातला, पुरुषी गळ्याच्या जवळ जाणारा असतो.

अठराव्या शतकात हायडनच्या ट्रायोंमध्ये चेलोकडे फारसे काम नव्हते. पियानोचा डावा हात जे खालचे स्वर वाजवतो, तेच बहुतेक वेळा चेलोही वाजवत असे. बीथोव्हेनने चेलोला स्वतःचे बोलणे दिले. पुढे शूबर्ट, मेंडेल्सन, शूमन आणि ब्राम्स यांच्या हातात तिन्ही वाद्ये बरोबरीने बोलू लागली. मेंडेल्सनचा १८३९ मधील डी मायनर ट्रायो सुरू होतो तोच चेलोच्या धुनेने. शूबर्टच्या बी फ्लॅट ट्रायोतील संथ भागातही मुख्य धून आधी चेलोच गातो.

ट्रायोची अडचणही याच बरोबरीत आहे. पियानोचा आवाज मोठा, तारा अनेक. वादकाने मनात आणले तर तो उरलेल्या दोघांना सहज झाकून टाकू शकतो. तिथे कोणी प्रमुख नसतो आणि कोणी साथीदारही नसतो. दर क्षणी तिघांपैकी कोणीतरी मागे सरकावे लागते. चौघांच्या तंतुवाद्य संचाप्रमाणे ट्रायो आयुष्यभर टिकतातच असेही नाही. बरेचदा तीन नामवंत एकलवादक काही दिवसांसाठी एकत्र येतात आणि आपापल्या वाटेने जातात. अशा तिघांचे एकमेकांकडे कान असतील का, हा प्रश्न म्हणूनच कायम असतो.

कॅसाल्स कोण होते?

पाब्लो कॅसाल्स यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील एल वेंद्रेल या गावी झाला. कातालान भाषेत त्यांचे नाव पाउ. वडील कार्लेस गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि गायकवृंद सांभाळत. आई पिलार यांचा जन्म कॅरेबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावरचा. लहानपणी पाब्लो पियानो, व्हायोलिन आणि ऑर्गन शिकला. गावात आलेल्या एका संचात त्याने अकराव्या वर्षाच्या सुमारास पहिल्यांदा खरा चेलो ऐकला आणि मग दुसऱ्या वाद्याचे नाव काढले नाही.

मुलाने सुतारकाम शिकावे, असे वडिलांना वाटत होते. आईने मात्र त्याला १८८८ मध्ये बार्सिलोनाला नेऊन महापालिकेच्या संगीतशाळेत घातले. खर्च भागवण्यासाठी हा मुलगा संध्याकाळी शहराच्या ग्रासिया भागातील कॅफे तोस्तमध्ये वाजवू लागला. तिथला संच पियानो, व्हायोलिन आणि चेलो असाच होता. म्हणजे कॅसाल्स यांची पहिली नोकरीही ट्रायोतलीच.

१८९० मध्ये वडिलांबरोबर बार्सिलोनातील जुन्या स्वरलिपींच्या दुकानात चाळताना त्यांच्या हाती बाखच्या एकल चेलोसाठीच्या सहा सुइट्स लागल्या. त्या काळी या रचना सरावापुरत्या मानल्या जात. मैफलीत कोणी अख्खी सुइट वाजवत नसे. या सुइट्स लोकांसमोर वाजवण्याआधी कॅसाल्स यांनी त्यांच्यावर तब्बल बारा-तेरा वर्षे मेहनत केली. आज जगातला प्रत्येक चेलोवादक या सुइट्स वाजवतो, त्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांनाच जाते.

चेलोवादनात त्यांनी काय बदलले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चेलो शिकवताना विद्यार्थ्याच्या उजव्या काखेत पुस्तक धरायला लावत. कोपर अंगाला चिकटून राहावे, हा हेतू. कॅसाल्स यांनी विद्यार्थिदशेतच हा हात मोकळा केला. गज पूर्ण लांबीने फिरू लागला, आवाजाला श्वास मिळाला. डाव्या हाताच्या बोटांचेही त्यांनी नवे गणित मांडले. आधी प्रत्येक स्वरासाठी अख्खा हात तारेवरून सरकवला जाई. त्यांनी बोटे ताणून शेजारचे स्वर गाठायला सुरुवात केली. त्यामुळे नको तिथली घसरण गेली. जिथे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मुद्दाम घसरत जायचे, म्हणजे आपल्याकडच्या मींडेसारखे काही करायचे, तिथे ती घसरण अर्थपूर्ण ठरू लागली.

१८९९ मध्ये पॅरिस आणि लंडनमध्ये त्यांचे नाव झाले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियासमोर वादन केले. १९०४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी त्यांनी व्हाइट हाऊसमध्ये वाजवले. वयाच्या तिशीआधीच ते जगातील आघाडीचे चेलोवादक मानले जाऊ लागले.

तिघे एकत्र कसे आले?

आल्फ्रेड कोर्तो यांचा जन्म १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील न्यों येथे झाला, पण ते घडले पॅरिसमध्ये. पियानोवादक म्हणून शोपँ आणि शूमन ही त्यांची खासियत. ऐन पंचविशीत, १९०२ मध्ये, त्यांनी पॅरिसमध्ये वागनरच्या एका भव्य ऑपेराचे संचालनही केले होते. झाक तिबो हे बोर्दो शहरातले. जन्म १८८० चा. पॅरिसमधील एका कॅफेत व्हायोलिन वाजवत असताना ते मोठ्या वाद्यवृंदाच्या संचालकाच्या नजरेत भरले आणि त्यांची कारकीर्द सुरू झाली.

कॅसाल्स त्या काळात पॅरिसमध्येच राहत होते. तिघेही तरुण, तिघेही दौऱ्यांवर असणारे. फुरसतीच्या दिवसांत एकमेकांसाठी वाजवता वाजवता १९०५ मध्ये संच तयार झाला. तिघांचीही स्वतंत्र कारकीर्द असल्याने वर्षातले मोजके आठवडेच ते एकत्र वाजवत. तरीही हा संच जवळपास तीन दशके टिकला. एकलवादकांनी एकत्र येऊन केलेल्या संचासाठी हा काळ मोठा आहे.

तिघांचे स्वभाव वेगळे होते आणि ते वादनातही ऐकू येतात. तिबोंचे व्हायोलिन हलके, लाडिक, हसरे. कोर्तोंचा पियानो कल्पक, कधी बेफिकीर. भावनेच्या भरात त्यांचा एखादा स्वर चुकतोही. कॅसाल्स मात्र खालून पाया धरून ठेवतात. लय ढळू देत नाहीत, पण धून त्यांच्याकडे आली की तिला सावकाश उलगडू देतात.

१९२६ ते १९२८ दरम्यान काय ध्वनिमुद्रित झाले?

एचएमव्ही कंपनीसाठी या तिघांनी ट्रायोच्या सहा रचना ध्वनिमुद्रित केल्या.

– शूबर्ट : बी फ्लॅट ट्रायो (१९२६)
– बीथोव्हेन : ‘काकाडू’ व्हेरिएशन्स (१९२६)
– हायडन : ‘जिप्सी’ नावाने ओळखला जाणारा जी मेजर ट्रायो (१९२७)
– मेंडेल्सन : डी मायनर ट्रायो (१९२७)
– शूमन : डी मायनर ट्रायो (१९२८)
– बीथोव्हेन : ‘आर्चड्यूक’ ट्रायो (१९२८)

यांतील ‘आर्चड्यूक’ ही बीथोव्हेनची १८११ मधील रचना. तिचे नाव पडले ते आश्रयदाते आर्चड्यूक रुडॉल्फ यांच्यावरून. १८१४ मध्ये व्हिएन्नात तिच्या पहिल्या सादरीकरणात बीथोव्हेनने स्वतः पियानो वाजवला, तेव्हा त्याची श्रवणशक्ती जवळपास गेली होती. सुरुवातीला पियानो एकटा शांतपणे धून मांडतो आणि मग दोन्ही तंतुवाद्ये येतात. १९२८ च्या ध्वनिमुद्रणात ही सुरुवात ऐकताना कोर्तो पुढच्या दोघांसाठी जागा सोडून वाजवत आहेत, हे जाणवते.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, तिघांनी आणखी एक ध्वनिमुद्रण केले. बार्सिलोनात ब्राम्सचा व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठीचा डबल कन्चेर्टो तिबो आणि कॅसाल्स यांनी वाजवला. वाद्यवृंद कॅसाल्स यांनी स्वतः उभारलेला होता आणि त्याचे संचालन करत होते कोर्तो.

यात तंत्रज्ञानाचा वाटा किती?

बराच मोठा. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्यातून होत असे. वादक भोंग्यासमोर दाटीवाटीने बसत. आवाजाच्या दाबाने पडदा हले आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरत जाई. या पद्धतीत साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्या पकडल्या जात. चेलोच्या सर्वांत खालच्या तारेची मूळ कंपनसंख्या सुमारे ६५ हर्ट्झ असते. म्हणजे चेलोचा खर्ज भोंग्याला ऐकूच येत नव्हता. श्रोत्याला मिळत असे ती वरच्या उपस्वरांवरून मेंदूने जुळवलेली कल्पना. पियानोचेही तेच. त्यामुळे तीन वाद्यांचा तोल भोंग्यासमोर साधणे कठीण होते.

१९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले. मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या संकेतात रूपांतर करू लागला, अॅम्प्लिफायर तो वाढवू लागला. खालचे आणि वरचे, दोन्हीकडचे स्वर बरेच अधिक टिपले जाऊ लागले. वादकांना एकमेकांपासून नेहमीच्या अंतरावर बसता येऊ लागले. कोर्तो, तिबो आणि कॅसाल्स यांचे शूबर्टचे ध्वनिमुद्रण यानंतर एका वर्षातच झाले. ते थोडे आधी झाले असते, तर त्यांची कीर्ती कदाचित ऐकीव गोष्टींपुरतीच उरली असती.

तरीही मर्यादा होत्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावे. ‘आर्चड्यूक’सारखी जवळपास चाळीस मिनिटांची रचना नऊ-दहा तुकड्यांत वाजवावी लागे. प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचे, मेण बदलायचे आणि त्याच लयीत, त्याच भावात पुढे सुरू करायचे. चुकलेला स्वर कापून जोडायला चुंबकीय फीत नव्हती. एक तर ती बाजू पहिल्यापासून वाजवायची, नाही तर चूक तशीच ठेवायची. आपल्याकडच्या गायकांना हेच बंधन वेगळ्या प्रकारे जाचले. याच कंपनीच्या तबकड्या कोलकात्यात तयार होऊन महाराष्ट्रात घरोघरी पोहोचत होत्या आणि त्यांत तासाभराचा ख्याल तीन-चार मिनिटांत आवरावा लागे.

सूर कुठे फाटले?

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू कलाकारांना काढून टाकले जात असताना तिथे वाजवायचे नाही, असे कॅसाल्स यांनी ठरवले. त्या सुमारास तिघांच्या एकत्र मैफलीही थांबल्या.

कॅसाल्स यांचे मन तोवर बार्सिलोनात गुंतले होते. १९२० मध्ये त्यांनी तिथे स्वतःची कमाई घालून वाद्यवृंद उभा केला होता. १९२६ पासून कामगारांसाठी अल्प वर्गणीची मैफल संघटना चालवली होती. १८ जुलै १९३६ रोजी बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम सुरू होती. बर्लिन ऑलिम्पिकला पर्याय म्हणून बार्सिलोनात भरणाऱ्या जनतेच्या ऑलिम्पियाडच्या उद्घाटनासाठी ती वाजवायची होती. लष्कराचा उठाव झाल्याचे आणि कार्यक्रम रद्द झाल्याचे तालमीतच कळले. लगेच निघायचे की शेवटचा भाग पुरा करायचा, असे कॅसाल्स यांनी वादकांना आणि गायकांना विचारले. सर्वांनी तो पुरा केला आणि मगच घरी गेले.

जानेवारी १९३९ मध्ये बार्सिलोना जनरल फ्रँको यांच्या सैन्याच्या हाती पडले. लाखो निर्वासित सीमा ओलांडून फ्रान्समध्ये शिरले. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत, तारांच्या कुंपणात त्यांच्या छावण्या लागल्या. कॅसाल्स सीमेजवळच्या प्राद या गावी राहू लागले. छावण्यांमध्ये जाणे, पैसे आणि धान्य मिळवण्यासाठी जगभर पत्रे लिहिणे, मदतीसाठी मैफली करणे हेच त्यांचे काम झाले. बाखच्या सहाही सुइट्सचे त्यांचे ध्वनिमुद्रण याच धामधुमीत, १९३६ ते १९३९ दरम्यान, लंडन आणि पॅरिसमध्ये पूर्ण झाले.

१९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स जिंकले. व्हिशी येथे जर्मनांशी सहकार्य करणारे सरकार आले. कोर्तो यांनी या सरकारात संगीतविषयक जबाबदारी स्वीकारली. १९४२ मध्ये त्यांनी जर्मनीत जाऊन वादनही केले. तिबो यांचा मुलगा रॉजे १९४० मध्ये रणांगणावर मारला गेला होता. प्रादमध्ये कॅसाल्स यांच्याकडेही जर्मन अधिकारी आले आणि बर्लिनला येऊन वाजवण्याचे निमंत्रण दिले. कॅसाल्स यांनी ते नाकारले. त्या वेळी गावावर जर्मनांचा ताबा होता आणि घरात अन्न व कोळशाची टंचाई होती, हे लक्षात घेतले तर या नकाराची किंमत कळते.

युद्ध संपल्यावरही नकार का?

१९४५ मध्ये कॅसाल्स इंग्लंडला गेले. मैफलींना अलोट गर्दी झाली. हिटलर आणि मुसोलिनीनंतर आता मित्रराष्ट्रे फ्रँको यांनाही हटवतील, अशी त्यांची आशा होती. पण तशी कोणाचीही तयारी नसल्याचे काही महिन्यांत स्पष्ट झाले. ब्रिटनला स्पेनशी संबंध ठेवायचे होते. कॅसाल्स यांनी उरलेल्या मैफली सोडल्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या मानद पदव्या नाकारल्या. फ्रँको सरकारला मान्यता देणाऱ्या कोणत्याही देशात वाजवणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

हा बहिष्कार वेगळा होता. जर्मनीत न वाजवणे म्हणजे शत्रूला नाकारणे होते. इथे त्यांनी आपल्या चाहत्यांनाच नाकारले. त्यांचे वय सत्तरीला टेकले होते. वादकाच्या हातांना फार वर्षे शिल्लक नसतात. स्पेनमध्ये त्याने काही बदलेल, याची खात्री त्यांनाही नव्हती. पण आपल्याजवळ शस्त्र आहे ते एवढेच, असे त्यांचे म्हणणे होते.

मग लोक त्यांना कसे ऐकू शकले?

यावर व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडर यांनी तोडगा काढला. कॅसाल्स बाहेर येणार नसतील, तर संगीतकारांनीच प्रादला जायचे. १९५० हे बाखच्या मृत्यूचे दोनशेवे वर्ष. त्या जूनमध्ये गावच्या सेंट पीटर चर्चमध्ये महोत्सव झाला. जगभरातले वादक काही हजार वस्तीच्या या गावात येऊन राहिले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत कॅसाल्स यांनी पुन्हा ट्रायो वाजवले आणि ते ध्वनिमुद्रितही झाले. १९५१ मध्ये जवळच्या पर्पिन्यां शहरात युजीन इस्टोमिन आणि श्नायडर यांच्याबरोबर ‘आर्चड्यूक’ आणि शूबर्टचा बी फ्लॅट ट्रायो झाला. १९५२ मध्ये मायरा हेस आणि आयझॅक स्टर्न यांच्याबरोबर ब्राम्सचा पहिला ट्रायो झाला. १९२० च्या दशकातील तबकड्यांशेजारी ही ध्वनिमुद्रणे ठेवली, तर फरक लगेच कळतो. लय अधिक जड आहे, आवाज खरखरीत आहे, हात पूर्वीइतका हलका नाही. शेजारी बसलेले बहुतेक वादक मुला-नातवांच्या वयाचे आहेत आणि त्यांचे लक्ष कॅसाल्स यांच्याकडे लागलेले आहे. तीन बरोबरीच्या मित्रांचा तो जुना तोल मात्र पुन्हा आला नाही.

येण्याची शक्यताही १ सप्टेंबर १९५३ रोजी संपली. पूर्वेकडच्या दौऱ्यावर निघालेले तिबो यांचे विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर कोसळले. त्यांच्याबरोबर त्यांचे १७२० मधील स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनही नष्ट झाले.

कोर्तोंना माफी मिळाली का?

फ्रान्स मुक्त झाल्यावर कोर्तो यांना थोडा काळ अटक झाली आणि त्यांच्यावर वर्षभर जाहीर वादनाची बंदी आली. १९४७ मध्ये ते पॅरिसमध्ये परतले, तेव्हा वाद्यवृंदाने त्यांची साथ करायला नकार दिला.

कॅसाल्स यांनी सांगितलेल्या आठवणींनुसार, युद्धानंतर एक दिवस कोर्तो प्रादला त्यांच्या घरी आले. आपण जर्मनांबरोबर काम केले हे त्यांनी लपवले नाही. लाज वाटते असे सांगून क्षमा मागितली. खरे बोललात म्हणून क्षमा करतो, असे सांगत कॅसाल्स यांनी हात पुढे केला. मात्र एकत्र वादनाला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

१९५८ च्या प्राद महोत्सवात तो दिवस आला. ८० वर्षांचे कोर्तो आणि ८१ वर्षांचे कॅसाल्स यांनी बीथोव्हेन वाजवला. कोर्तोंचे हे अखेरचे जाहीर वादन ठरले. १५ जून १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

या प्रसंगावर मतभेद होते आणि आहेत. सरकारांना माफी न देणारा माणूस मित्राला कशी देतो, असा प्रश्न विचारला जातो. कॅसाल्स यांच्या वागण्यात मात्र एक सूत्र दिसते. फ्रँको सत्तेवर होते, त्यांना मान्यता देणारी राष्ट्रे आपल्या निर्णयाचे समर्थन करत होती. कोर्तो यांनी केलेले कबूल केले होते. कॅसाल्स यांनी कृत्य विसरले जाऊ दिले नाही, आणि दारही कायमचे लावले नाही.

व्हाइट हाऊसमध्ये त्यांनी नियम मोडला का?

१९५० च्या दशकाच्या मध्यास कॅसाल्स आईच्या जन्मभूमीत, प्वेर्तो रिकोला स्थायिक झाले. १९५७ मध्ये त्यांनी तरुण चेलोवादक मार्ता मोंतान्येस यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. २४ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात वादन केले. ही जागा कोणत्याही एका देशाची नाही, हा त्यामागचा आधार होता.

१३ नोव्हेंबर १९६१ ची मैफल मात्र थेट व्हाइट हाऊसमध्ये झाली. अमेरिकेची फ्रँको सरकारला मान्यता होती, तळांसाठी करारही होता. त्यामुळे हा अपवाद होता, हे नाकारता येत नाही. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्याविषयी कॅसाल्स यांना आशा वाटत होती आणि स्पेनच्या स्वातंत्र्याचा विषय त्यांच्या कानी घालण्याची ही संधी होती. १९०४ मध्ये ज्या रूझवेल्ट यांच्यासाठी त्यांनी वाजवले, त्यांची कन्या अॅलिस दोन्ही मैफलींना हजर होती.

त्या रात्री श्नायडर आणि पियानोवादक मिएचिस्लाव्ह होर्शोव्स्की यांच्याबरोबर त्यांनी मेंडेल्सनचा डी मायनर ट्रायो वाजवला. १९२७ मध्ये कोर्तो आणि तिबो यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित केलेला तोच ट्रायो. शेवटी त्यांनी ‘पक्ष्यांचे गाणे’ ही कातालान लोकधून वाजवली. निर्वासित झाल्यापासून मैफलीची सांगता ते याच धुनेने करत. या मैफलीची रेकॉर्डही निघाली.

त्यांचा वारसा कुठे दिसतो?

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, प्वेर्तो रिकोत कॅसाल्स यांचे निधन झाले. फ्रँको यांचा मृत्यू त्यानंतर दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर १९७५ रोजी झाला. स्पेनमध्ये लोकशाही परतल्यावर १९७९ मध्ये कॅसाल्स यांचे अवशेष एल वेंद्रेलला आणण्यात आले.

ट्रायोच्या जगात त्यांचा धागा पुढे गेला. १९५५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बोझार ट्रायोचे पहिले चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाऊस हे प्रादला जाऊन कॅसाल्स यांच्याकडे शिकले होते. या संचाने हायडनच्या सर्व ट्रायोंसह जवळपास संपूर्ण ट्रायो साहित्य ध्वनिमुद्रित केले. पियानोवादक मेनाहेम प्रेसलर २००८ पर्यंत या संचात होते. कॅसाल्स यांचे सहवादक इस्टोमिन आणि स्टर्न यांनीही पुढे चेलोवादक लेनर्ड रोझ यांच्यासह नावाजलेला ट्रायो चालवला.

आज ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी?

१९२० च्या दशकातील ध्वनिमुद्रणे तबकड्यांवरून स्वच्छ करून सीडीवर आली आणि आता स्ट्रीमिंग सेवांवरही सापडतात. खरखर ऐकू येते, पण दोन-तीन मिनिटांत कान सरावतो. सुरुवात शूबर्टच्या बी फ्लॅट ट्रायोतील संथ भागापासून करावी. पियानो हळू झोका देतो, चेलो धून गातो, मग व्हायोलिन ती उचलते आणि चेलो तिच्याभोवती फिरू लागतो. त्यानंतर मेंडेल्सनचा ट्रायो १९२७ आणि १९६१ असा पाठोपाठ ऐकावा. दोन्हीकडे सुरुवात चेलोच करतो आणि वादकही तोच आहे. मधल्या चौतीस वर्षांत त्याने काय गमावले आणि काय सोडले नाही, हे त्या पहिल्या काही ओळींतच ऐकू येते.